दात काढण्याआधीच ठरवा: इम्प्लांट नेमकं केव्हा बसवायचं?

"डॉक्टर, दात तर काढून झाला. आता इम्प्लांट किती दिवसांनी?"

खुर्चीत बसलेला माणूस हे विचारतो तोवर निम्मे पर्याय हातातून गेलेले असतात. दात कसा निघाला, निघताना ओठाकडची हाडाची भिंत फुटली का, खड्डा तसाच सोडला की त्यात काही भरलं, यावर पुढच्या सगळ्या तारखा ठरतात. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. इम्प्लांटची वेळ दात काढण्याआधी ठरवायची असते. ठणका लागला म्हणून घाईनं काढून घेतला आणि "पुढचं पुढे बघू" म्हटलं, की ते पुढचं बहुतेक वेळा महागात पडतं.

ज्यांना पहिल्यांदाच एखाद-दुसरा दात काढायला सांगितला आहे आणि जागी इम्प्लांट बसवण्याचा विचार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळेच दात गेलेल्यांचं गणित वेगळं असतं, त्यात इथे शिरत नाही.

'एका दिवसात दात' म्हणजे नेमकं काय?

लोक ज्याला 'स्क्रूचा दात' म्हणतात त्याचे तीन भाग असतात. हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे खरं इम्प्लांट. त्यावर बसतो तो जोडतुकडा, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि वर दिसते ती कॅप.

त्यामुळे प्रश्नही दोन आहेत. दात काढल्यावर स्क्रू केव्हा बसवायचा, हा पहिला. स्क्रू बसल्यावर कॅप केव्हा लावायची, हा दुसरा. जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ होते. 'एका दिवसात दात' असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा स्क्रूवर तात्पुरती प्लास्टिकची कॅप लावून देतात, आणि तीही चावण्यासाठी नसते, दिसण्यासाठी असते. कायमची कॅप पुढे काही महिन्यांनीच येते. चौकशीला जाल तेव्हा हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

दात गेल्यावर खड्ड्यात काय चालतं

दात निघाला की खड्डा रक्तानं भरतो आणि रक्ताची गाठ जमते. पहिल्या आठवड्यात त्या गाठीची जागा नाजूक लालसर ऊती घेऊ लागते. चार ते आठ आठवड्यांत वरून हिरडी मिटते. आत मात्र हाड तेवढ्यात भरत नाही. त्याला तीन-चार महिने लागतात आणि ते पक्कं व्हायला आणखी वेळ जातो. आरशात पाहून "जखम भरली" वाटतं तेव्हा भरलेली असते ती फक्त हिरडी.

खड्डा आतून भरत असतानाच बाहेरून खचतही असतो. दाताच्या मुळाभोवती हाडाचा एक पातळ थर असतो, तो दाताच्याच आधारावर जगतो. दात गेला की त्याचं काम संपतं आणि शरीर तो शोषून घेतं. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बहुतेकांमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. म्हणजे ती जवळजवळ या थराचीच बनलेली असते. साहजिकच सगळ्यांत आधी ती विरघळते. पुढचा दात काढून वर्ष झालेल्या माणसाच्या हिरडीवरून बोट फिरवलं तर त्या जागी खळगा लागतो, तो यामुळे.

किती झीज होते? डेन्मार्कमध्ये दाढा-उपदाढांच्या जागा वर्षभर मोजल्या गेल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हाडाची रुंदी वर्षात साधारण निम्म्यावर आली होती, बारा मिलिमीटरवरून सहाच्या आसपास. त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. "वर्षभर थांबू, पैसे जमले की बसवू" असं ठरवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. थांबायला हरकत नाही, पण खड्डा रिकामा ठेवून थांबू नये.

यावरून "मग लगेच स्क्रू टाकला तर हाड वाचेल" असं वाटणं स्वाभाविक आहे. बरीच वर्षं दंतवैद्यांनाही तसंच वाटायचं. पण २००५च्या सुमारास कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की स्क्रू बसवला तरी ओठाकडची भिंत झिजतेच. ताज्या खड्ड्यातल्या स्क्रूमुळे हाड टिकतं असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो माल खपवतोय असं समजायला हरकत नाही.

स्क्रू बसवण्याच्या चार वेळा

हाडात टायटॅनियम पक्कं धरतं हे स्वीडनचे संशोधक डॉक्टर ब्रॉनेमार्क यांना सशांच्या हाडांवर काम करताना लक्षात आलं आणि १९६५ साली त्यांनी गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवली. तेव्हाची शिस्त कडक होती. दात काढल्यावर कित्येक महिने थांबायचं, मग स्क्रू बसवून हिरडीखाली झाकून ठेवायचा, खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा. जर्मनीत ट्यूबिंगनला शुल्टे यांनी सत्तरच्या दशकातच ताज्या खड्ड्यात इम्प्लांट बसवायला सुरुवात केली होती. पुढे दोन्ही बाजूंचा अनुभव साठत गेला आणि २००४मध्ये वेळेची चार गटांत विभागणी प्रसिद्ध झाली. आज दंतवैद्य आपसात बोलताना तीच वापरतात:

- पहिला प्रकार: दात काढला त्याच बैठकीत स्क्रू.
- दुसरा: चार ते आठ आठवड्यांनी, हिरडी मिटल्यावर.
- तिसरा: बारा ते सोळा आठवड्यांनी, हाड बऱ्यापैकी भरल्यावर.
- चौथा: सोळा आठवड्यांनंतर, जागा पूर्ण भरल्यावर.

यातला कुठलाही प्रकार सरसकट चांगला किंवा वाईट नाही. तुमच्या वाट्याला कुठला येतो, ते पुढच्या पायऱ्यांवर ठरतं.

पायरी १: दात खरंच काढायलाच हवा का?

थोडक्यात सांगतो. रूट कॅनल करून, जुनं रूट कॅनल उघडून पुन्हा करून, किंवा हिरडी थोडी खाली घेऊन कॅप बसवून जो दात वाचतो, तो वाचवावा. दुसरं मत घ्यायला लाजू नका. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय, अशा ठिकाणी बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं.

आणि एक. दात तुटलाय, वाचणार नाही हे नक्की आहे, पण दुखत नाही आणि पूही नाही. मग तो आजच्या आज काढण्याची घाई नको. आराखडा तयार होईपर्यंत ते मूळ जागेवर राहिलेलं परवडतं. निदान भोवतालचं हाड तरी धरून ठेवतं.

पायरी २: औषधांची पिशवी घेऊन जा

चिठ्ठ्या हरवलेल्या असतात आणि "बीपीची एक गोळी चालू आहे" एवढंच आठवतं. म्हणून गोळ्यांची पिशवीच घेऊन जा. वेळ ठरवताना पुढच्या गोष्टी खरोखर मोजल्या जातात.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ताजी हवी. ती सातच्या आसपास असेल तर सहसा अडचण येत नाही. आठच्या वर असेल तर बहुतेक जण आधी साखर आवरायला सांगतात. सकाळची उपाशीपोटीची एक साखर बरी आली म्हणून भागत नाही.

हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं हा आमच्याकडे सगळ्यांत जास्त विसरला जाणारा मुद्दा. आई-आजींना आठवड्यातून एक घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी असते, कुणाला वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन, कुणाला सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन. वर्षातून एकदा घेतलेली गोष्ट 'चालू औषधांत' कुणी मोजत नाही. पण या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत घेतलेली असतील तर धोका बराच जास्त. दात काढण्याआधीच सांगा, आणि स्वतःच्या मनानं बंद करू नका. डेनोसुमॅब मध्येच सोडलं तर मणक्याची हाडं मोडू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. बंद करायच्या की नाही, ते हृदयाचे डॉक्टर आणि दंतवैद्य मिळून ठरवतील. बहुतेकदा बंद कराव्या लागतही नाहीत. तोंडाला किंवा मानेला रेडिएशन दिलेलं असेल तर आधी त्या उपचारांच्या डॉक्टरांशी बोलणं झाल्याशिवाय दाताला हातच लावायचा नाही.

आता तंबाखू. सिगारेटचं लोक कबूल करतात. मिश्रीचं कुणी सांगत नाही, कारण मिश्री म्हणजे दात घासणं, व्यसन थोडंच! पण हिरडीला ती तंबाखूच असते. मावा-गुटख्याचा आणखी एक त्रास असा की सुपारीनं गालाचे पडदे आवळत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. घरी पाहा: तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील तर मागच्या दाढेच्या जागी ड्रिल पोचायलाच जागा नाही. मग वेळ बाजूलाच राहते, इम्प्लांट होईल का हाच प्रश्न उरतो.

वयाची वरची मर्यादा नाही, खालची आहे. जबडा वाढत असताना नैसर्गिक दात हाडाबरोबर सरकतात, स्क्रू मात्र बसवला तिथेच राहतो. पंधराव्या वर्षी बसवलेला पुढचा दात पंचविशीत आखूड दिसायला लागतो. त्यामुळे सायकलवरून पडून दात गमावलेल्या मुलाला अठरा-वीसपर्यंत दुसऱ्या तात्पुरत्या सोयीवर काढावं लागतं.

पायरी ३: सीबीसीटी बघायला मागा

दाताचा छोटा एक्स-रे सपाट चित्र असतं. ओठाकडची भिंत त्यात दिसतच नाही, कारण ती चित्राच्या पुढे असते. म्हणून सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो, आणि तो दात काढण्याआधी झालेला चांगला. डॉक्टरांना पडद्यावर आडवा छेद दाखवायला सांगा. मुळाच्या पुढे, ओठाच्या बाजूला, एक पांढरी रेघ दिसते. ती सलग आहे की मध्येच तुटते, ते तुम्हालाही कळेल. मुळाच्या टोकाच्या पलीकडे किती हाड आहे तेही विचारा. ताज्या खड्ड्यात स्क्रू घट्ट बसायचा तर तो टोकापलीकडच्या तीन ते पाच मिलिमीटर कोऱ्या हाडात रुतावा लागतो.

खालच्या दाढा असतील तर खालून जाणारी नस दिसते. तिच्या आणि स्क्रूच्या टोकाच्या मध्ये दोन मिलिमीटर तरी अंतर हवं. वरच्या दाढा असतील तर सायनस, म्हणजे नाकाच्या बाजूच्या हाडातली हवेची पोकळी दिसते. "वरची दाढ काढली की नजर अधू होते" ही समजूत अजून घरोघरी आहे. डोळ्याशी त्या दाढेचा काहीएक संबंध नाही. सायनसशी मात्र आहे. कधीकधी मुळांची टोकं आणि सायनस यांच्यामध्ये कागदाएवढं हाड असतं.

पायरी ४: दात कसा काढणार ते विचारा

'काढणं' ही इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया आहे असं धरा. ओढून, पिळून, भिंतीला रेटून काढलेला दात आणि जपून काढलेला दात यांत दोन-चार महिन्यांचा फरक पडू शकतो. दाढ असेल तर तिचे ड्रिलनं तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढतात. पुढचा दात असेल तर पातळ पात्याचं हत्यार मुळाच्या कडेनं हळूहळू सरकवून तो सैल करतात. यात वेळ जातो, म्हणून पैसेही थोडे जास्त लागतात. ते देण्यासारखे आहेत.

दात बाहेर आल्यावर खड्डा खरवडून, धुऊन स्वच्छ करतात. त्यानंतरचं मिनिट सगळ्यांत मोलाचं. डॉक्टर एक बोथट, खुणा केलेली सळई खड्ड्यात घालून चारही बाजूंनी भिंती चाचपतात. ओठाच्या बाजूला हिरडीच्या कडेपासून साधारण तीन मिलिमीटरवर सळई टणक हाडावर टेकली, की भिंत शाबूत आहे. सळई सात-आठ मिलिमीटर सरकन खाली गेली आणि हिरडीखाली तिचा उंचवटा बाहेरून दिसला, तर त्या बाजूला भिंत नाही. स्कॅनवर काहीही दिसलेलं असो, त्या दिवसाचा निर्णय या चाचपणीवर होतो. म्हणून आधीच ठरवून घ्या: भिंत असेल तर काय आणि नसेल तर काय. 'आज स्क्रू बसवायचाच' असं ठरवून गेलात तर डॉक्टरांवरही उगाच दडपण येतं.

पायरी ५: वेळ निवडा

*त्याच दिवशी* हवं असेल तर या गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात: भिंती शाबूत, हिरडी जाडसर, वाहता पू नाही, टोकापलीकडे पुरेसं हाड, आणि स्क्रू फिरवताना चांगली पकड. पुढच्या दाताला स्क्रू टाळूच्या बाजूला टेकवून बसवतात. ओठाकडे जी फट उरते तीत हाडाची पावडर भरतात, कारण ती भिंत झिजणार हे गृहीतच असतं. पकड ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या (स्क्रू आवळताना लागणाऱ्या जोराचं माप) पुढे असेल तर तात्पुरती कॅप लावण्याचा विचार करतात, तीही समोरच्या दाताला न टेकणारी. फायदे खरे आहेत. एक शस्त्रक्रिया वाचते, हिरडीचा आकार राहतो, पुढचा दात नसताना ऑफिसला जावं लागत नाही. तोटेही खरे आहेत. निकामी होण्याचं प्रमाण थांबून बसवलेल्यांपेक्षा थोडं जास्त असतं, आणि जागा चुकली तर वर्ष-दोन वर्षांत हिरडी वर सरकून कॅपची कड उघडी पडते. हसताना हिरडी दिसणाऱ्यांनी हा धोका दोनदा विचारात घ्यावा.

*सहा-आठ आठवड्यांनी* हा पर्याय लोकांना अर्धवट वाटतो. लगेचही नाही आणि पूर्ण भरल्यावरही नाही. मला मात्र वरच्या पुढच्या दातांसाठी, विशेषतः ओठाकडची भिंत गेलेली असताना, हाच सगळ्यांत समजूतदार वाटतो. तोवर जंतुसंसर्ग निवलेला असतो. हिरडी मिटलेली असते, म्हणजे स्क्रूवर आणि पावडरवर झाकायला पुरेशी जाड चादर मिळते. आणि हाड खचायला लागलं असलं तरी हातचं गेलेलं नसतं. स्क्रू बसवताना बाहेरून हाडाची पावडर आणि पडदा लावून भिंत पुन्हा उभी करतात.

*तीन-चार महिन्यांनी* हा दाढांचा नेहमीचा मार्ग. खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळं आणि मध्ये हाडाचा वरंबा असतो. वरंबा रुंद असेल तर त्यात त्याच दिवशीही स्क्रू बसतो, पण बऱ्याचदा तो अरुंद किंवा किडलेल्या मुळांनी पोखरलेला असतो. दाढेचा खड्डा मोठा आणि स्क्रू बारीक, त्यामुळे पकड मिळत नाही. अशा वेळी हट्ट न करता थांबलेलं बरं. मुळाशी मोठं गळू होतं त्यांनाही हेच.

*सहा महिने किंवा जास्त* थांबायचं ठरलं, मग कारण पैशाचं असो, बाळंतपणाचं, परीक्षेचं किंवा जबडा अजून वाढत असल्याचं, तर दात काढतानाच खड्डा भरून घ्या. याला सॉकेट प्रिझर्वेशन म्हणतात. हाडाची पावडर आणि वर कोलॅजनचा पडदा किंवा बुच. यानं झीज थांबत नाही, पण बरीच कमी होते. भरलेल्या जागी साधारण चार ते सहा महिन्यांनी स्क्रू बसवतात. वरच्या दाढांना याचा विशेष उपयोग, कारण दाढ गेल्यावर तिथलं सायनस खाली उतरतं आणि मग ते वर उचलण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. नुसतं स्वतःच्या रक्तातून बनवलेलं पीआरएफ भरलं तर हिरडी छान भरते, हाड टिकवण्याबाबत मात्र त्याच्याकडून फार आशा ठेवू नका.

पावडर आणि पडदा बहुतेकदा गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून प्रक्रिया करून बनवलेला असतो. पूर्ण कृत्रिमही मिळते. ज्यांना धार्मिक किंवा शाकाहाराच्या कारणानं अडचण वाटत असेल त्यांनी आधीच सांगावं. खुर्चीत आडवं झाल्यावर आणि पाकीट उघडल्यावर हा विषय निघाला तर दोघांचीही पंचाईत होते.

परदेशातून तीन आठवड्यांसाठी येणाऱ्यांना

डिसेंबरात पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत हा प्रश्न हमखास येतो: "तीन आठवडे सुट्टी आहे, तेवढ्यात सगळं उरकेल का?" एका फेरीत दात काढणं, स्क्रू आणि कायमची कॅप असं उरकून देणारे भेटतील. त्यांच्यापासून जपून राहा.

सरळ मार्ग दोन-तीन फेऱ्यांचा आहे. या वेळी दात काढून खड्डा भरून घ्या, पुढच्या सुट्टीत स्क्रू, त्याच्या पुढच्या सुट्टीत कॅप. किंवा राहता तिथेच दात जपून काढून घ्या, तीन-चार महिन्यांनी इथे स्क्रू बसवा आणि जखम सुकेपर्यंत, निदान टाके निघेपर्यंत इथेच राहा. स्क्रूच्या पाकिटावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असलेला स्टिकर असतो. तो फाइलला लावून त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. उद्या टोरंटोत किंवा दुबईत कॅप सैल झाली तर तिथल्या डॉक्टरला त्या मापाचा पाना लागेल. स्टिकर नसेल तर त्याला एक्स-रे बघून अंदाज बांधत बसावं लागतं. हे इथेच राहणाऱ्यांनाही लागू आहे.

पायरी ६: मधल्या दिवसांत

पहिले चोवीस तास चूळ जोरात भरू नका, थुंकत बसू नका, स्ट्रॉनं काही पिऊ नका, तंबाखू-सिगारेट तर नाहीच. रक्ताची गाठ निघाली की खड्डा कोरडा पडतो आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत ठणका मारतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलकी चूळ. मऊ भात, खिचडी, शिरा, ताकात कुस्करलेली पोळी चालते. चिवडा, शेंगदाणे आणि पेरू काही दिवस लांब ठेवा, बिया आणि कण नेमके खड्ड्यात जाऊन बसतात. वरची दाढ काढताना सायनसशी छिद्र पडलं असं सांगितलं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यायची.

पुढचा दात असेल तर तात्पुरत्या दाताची सोय काढण्याआधी तयार हवी. काढता-घालता येणारा एक दात, पारदर्शक ट्रेमध्ये बसवलेला दात, किंवा शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला दात, यांपैकी काहीही चालेल. अट एकच: तो खड्ड्यावर किंवा भरलेल्या जागेवर दाबता कामा नये. आधीची कवळी असेल तर ती त्या जागी आतून घासून मोकळी करून घ्या. भरलेलं हाड कवळीच्या दाबानं खचतं आणि दोष पावडरला दिला जातो.

पायरी ७: स्क्रू बसल्यावर

आताच्या खडबडीत पृष्ठभागाच्या स्क्रूंना, जागा चांगली असेल तर, दोन ते तीन महिने पुरतात. हाड भरलेलं असेल, वरची मागची जागा असेल किंवा सायनस उचललेलं असेल तर चार ते सहा. यात एक विचित्र टप्पा येतो. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो नुसत्या पकडीनं. पुढे जुनं हाड झिजतं आणि नवं अजून पुरतं धरलेलं नसतं, त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात तो सगळ्यांत अशक्त असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते आणि माणूस त्या बाजूनं चकली फोडून बघतो. तात्पुरती कॅप लावलेल्यांनी हे आठवडे विशेष सांभाळावेत.

खर्चाचा आकडा विचारताना तुकडे पाडून लिहून घ्या: काढणं, खड्डा भरणं, स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप, तात्पुरता दात, आणि स्क्रू हाडानं धरला नाही तर पुन्हा बसवण्याचं काय. स्वस्त वाटणाऱ्या दरात बहुधा यातले दोन-तीन तुकडे गळालेले असतात.

फोन कधी करायचा तेही घरी माहीत असू द्या. दाबून धरूनही रक्त थांबत नसेल. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल किंवा ताप आला असेल. नाकातून पाणी किंवा पू यायला लागला असेल. हिरडी वर मिटू नये म्हणून स्क्रूवर लावलेली तात्पुरती टोपी किंवा कॅप हलत असेल. टोपी नुसती सैल झाली असेल तर ती आवळून देतात, पण घरी पक्कड घेऊन बसू नका. आणि खालच्या जबड्यात स्क्रू बसवल्यावर इंजेक्शनचा असर उतरायची वेळ टळून गेली, तरी ओठ-हनुवटी बधिर असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांना उठवा. स्क्रू नसेजवळ गेला असेल तर तो लवकरात लवकर मागे घेण्यावर बरंच अवलंबून असतं.